मदत हवी आहे: एमजीबी गाडीच्या काचेतून पाणी येतंय

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये असतो. माझ्याकडे 1972 ची एमजीबी रोडस्टर (उघडता येणाऱ्या टपाची दोन सीटची गाडी) आहे, ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. यंदा कापडी टप नवा घातला, तेव्हापासून डाव्या दरवाजाच्या काचेचा मागचा वरचा कोपरा रबराला टेकतच नाही. करंगळी जाईल एवढी फट. पाऊस थेट सीटवर. रबर बदललं, फरक नाही. या काचेला वर चौकटच नसते, म्हणून कल आत घ्यावा लागेल असं वाटतं. दरवाजाचं आतलं कव्हर काढलंय, मागच्या चॅनेलचे (काच ज्यात वर-खाली सरकते त्या पट्टीचे) बोल्ट दिसतायत. आधी ते सैल करू, की बिजागऱ्या तपासून दरवाजाच नीट बसवू? स्वतः केलं असेल त्यांनी कृपया क्रम सांगा. काच मूळची आहे, तडा जाईल म्हणून जोर लावत नाहीये.