फोन कोणाच्या हातात असतो?
ऑपरेशन होऊन घरी गेल्यावर व्यायामाची आठवण करून देणारं, दुखणं विचारणारं हॉस्पिटलचं ॲप वय झालेल्या पेशंटना झेपत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि दिवसभर मावशीला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवत असते. गेल्या वर्षी तिचा गुडघा बदलला, तेव्हा हॉस्पिटलचं ॲप मात्र तिने पाहिलंसुद्धा नाही, कारण केसपेपरवर नंबर माझ्या भावाचा होता! तो नोकरीला पुण्यात, आई साताऱ्यात. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पावलं वरखाली करायचा व्यायाम दिवसातून अनेकदा करायचा असतो. त्याची आठवण वाजायची भावाच्या मीटिंगमध्ये, आणि तो आईला फोन करायचा रात्री.

नंतर नंबर बदलून घेतला, तरी दुखण्यापाशी गाडी अडलीच. ॲप विचारायचं, शून्य ते दहात किती दुखतंय? आई म्हणायची, "काल बारा आणे होतं, आज आठ आणे." त्याचे आकडे करून मी भरायचे. त्यात पहिले काही दिवस गोळ्यांमुळे तिला सारखी झापड यायची, बारीक इंग्रजी अक्षरं कुठून वाचणार? टाक्यांचा नीट फोटो काढायलाही दुसरं माणूस लागायचंच. डॉक्टरमंडळींना कळकळीने सांगते, ॲप सुरू करून देण्याआधी फोन कोणाकडे असतो आणि दिवसा घरी कोण असतं, एवढं तरी विचारा.