हिरड्यांच्या आजारासाठी प्रश्नावली: मदत हवी आहे

प्रौढांमधला हिरड्यांचा आजार नुसते प्रश्न विचारून चाचपायचा आहे. प्रत्येकाच्या दात आणि हिरडीमधल्या फटीत प्रोब (खुणा असलेली बारीक सळई) घालून तिची खोली मोजणं आवाक्याबाहेरचं आहे. अमेरिकेतल्या सीडीसीचे (तिथली सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्था) ८ प्रश्न आधाराला घेतलेत. ‘मार न लागता दात हलायला लागला का?’ याला ‘हो’ आलं तर आजार बराच पुढे गेलेला असतो, सुरुवातीचे रुग्ण निसटतात. रक्ताबद्दल विचारावं, तर धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून ते कमीच येतं (आणि धोका त्यांनाच जास्त!). ‘दातांभोवतीचं हाड झिजलंय असं डेंटिस्टने सांगितलं का?’ हा प्रश्न चांगला, पण जो कधी डेंटिस्टकडे गेलाच नाही तो काय सांगणार? त्याचं ‘माहीत नाही’ तुम्ही ‘नाही’तच धरता का? वय आणि धूम्रपान यांचे गुण कसे लावता? कुणी थोड्या जणांची प्रत्यक्ष तपासणी करून उत्तरं पडताळली असतील तर प्लीज सांगा.