कंप्रता, वारंवारिता की आवृत्ती?

रंकाळाकाठ: काल संध्याकाळी भाचीला घेऊन रंकाळ्यावर बसले होते. वारं सुटलेलं. पाण्यात रोवलेल्या एका काठीवर नजर ठेवून लाटा मोजल्या: १६ सेकंदांत २०. म्हणजे सेकंदाला सव्वा, १.२५ हर्ट्झ. दोन माथ्यांमधलं अंतर अंदाजे एक मीटर, म्हणून लाटेचा वेग सेकंदाला सव्वा मीटर. हिशेब तिला लगेच कळला, अडलं शब्दावर. सेकंदाला किती लाटा, म्हणजे इंग्रजीत फ्रिक्वेन्सी, तिला ती 'वारंवारिता' म्हणते, मी शिकले 'कंप्रता'. वर तिचा प्रश्न, "मावशी, गणितात वारंवारता सारणी असते, तिथं सेकंद कुठं असतात?" मला उत्तर सुचलं नाही.

गुरुजी_निवृत्त: पोरगी हुशार आहे. पाच जणांना ४० गुण पडले की वारंवारता पाच, संपलं. तो नुसत्या मोजणीचा शब्द. भौतिकीला कंप्रताच हवा. कंप् धातू, कंप्र म्हणजे थरथरणारं, त्याची कंप्रता.

पन्हाळकर: गुरुजी, पण कंप्रतेत तरी सेकंद कुठं आहे? आणि उजेडात काय थरथरतं? माझी डिप्लोमाची पोरं फ्रिक्वेन्सी म्हणतात आणि गणितं बरोबर सोडवतात. राहू द्या की तेच.

गुरुजी_निवृत्त: विद्युतक्षेत्र थरथरतं! आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेबारा लाखांवर हेलकावे. रेडिओच्या लहरीही प्रकाशाच्याच जातीच्या. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याला १२,५१,००० नं भागा: लहर जवळजवळ २४० मीटर लांब. हे मराठीतून सांगता येतं, तर मराठी शब्द का टाकायचा?

वहीवाली: आणि आवृत्ती? फिरून येणं हा मूळ अर्थ नेमका बसतो.

पन्हाळकर: बसतो, पण मराठी माणसाला पुस्तकाचीच आवृत्ती आठवते. तो हिंदीत चालतो.

तारा_जुळवा: आमच्या मामांचं मिरजेत तंबोऱ्यांचं काम. त्यांच्या तोंडी यातला एकही शब्द नाही. "काळी एकला लाव" म्हणतात, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला. पट्टी कळली की झालं. तार बरोबर मध्यावर दाबून छेडली की वरचा सा. लांबी अर्धी, कंपनं दुप्पट. हे त्यांना कानानं कळतं. मग घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिथं, तारेखाली दोरा सरकवून जव्हारी, तारेचा तो घुमारा, काढतात.

गुरुजी_निवृत्त: जव्हारी नव्हे, जवारी.

तारा_जुळवा: मामा जव्हारीच म्हणतात, आणि हात त्यांचा आहे.

रंकाळाकाठ: अहो, पण भाचीला काय सांगू? सोमवारी तिची चाचणी आहे.

वहीवाली: जवारी आणि जवाहीर एकच असावेत का? आमच्याकडं पेटी शिकवणारे काका 'जवार' म्हणायचे.