मदत हवी आहे: तांबं आणि नायट्रिक आम्ल, यात आम्लाचे रेणू ४ च का?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. भाची यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हा धडा सुरू आहे आणि संध्याकाळी तिच्यासोबत मी बसते.

साधी समीकरणं तिला छान जमतात. मँगनीज डायऑक्साइड आणि ॲल्युमिनिअमचं तर तिनं हौसेनं सोडवलं, तिचे आजोबा मनसरच्या मँगनीज खाणीत होते म्हणून. डावीकडे एका रेणूत ऑक्सिजनचे २ अणू, उजवीकडे ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये ३, लसावि ६. झालं, ३ आणि ४ डावीकडे, ३ आणि २ उजवीकडे.

अडलंय ते इथं:

तांबं + संहत नायट्रिक आम्ल → कॉपर नायट्रेट + नायट्रोजन डायऑक्साइड + पाणी

आम्लाचे २ रेणू घेतले तर दोन्ही नायट्रोजन कॉपर नायट्रेटमध्येच संपतात, वायूला काही उरत नाही. ३ घेतले तर नायट्रोजन जुळतो, पण पाणी दीड रेणू येतं आणि ऑक्सिजन उजवीकडे अर्ध्या अणूनं जास्त होतो. ४ घेतले की सगळं बसतं. पण ती विचारते, “मावशी, ४ च का?” शिकवणीत सांगितलं की हे पाठच करून टाका. पोरगी पाठांतरावर समाधान मानणारी नाही, आणि मला ते आवडतं. कारण समजावून सांगाल का कोणी?

प्रतिसाद:
ताई, भाचीचा प्रश्न अगदी योग्य आहे. इथं आम्ल दोन कामं करतं, ती वेगळी मोजायची. तांब्याचा एक अणू २ इलेक्ट्रॉन देतो. त्याचं ऑक्सिडीकरण होतं. नायट्रिक आम्लातल्या नायट्रोजनचा ऑक्सिडीकरण अंक (अणूनं किती इलेक्ट्रॉन दिले असं धरायचं, तो आकडा) ५, तपकिरी वायूत म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये ४, म्हणजे प्रत्येक नायट्रोजन १ च इलेक्ट्रॉन घेतो. २ इलेक्ट्रॉन घ्यायला २ नायट्रोजन लागले, हे आम्लाचे २ रेणू वायूत गेले. क्षार, म्हणजे कॉपर नायट्रेट, तयार व्हायला नायट्रेटचे आणखी २. एकूण ४. हायड्रोजन ४, म्हणून पाणी २. शेवटी ऑक्सिजन तपासा: डावीकडे १२, उजवीकडे ६ + ४ + २.

आता तिला विरल आम्लाचं द्या. तिथं वायू नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजनचा अंक ५ वरून २. उत्तर सांगत नाही, लसावि तिला येतोच.

धागाकर्ती:
खूप आभार सर! तिनं लगेच कागद ओढला. २ आणि ३ चा लसावि ६, म्हणून ३ तांबं, २ वायू, क्षारासाठी ६ आणि वायूसाठी २ असं ८ आम्ल, पाणी ४. ऑक्सिजन दोन्हीकडे २४. आता तिला पोटॅशिअम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं करायचंय. तिथंही आम्ल अशीच दोन कामं करतं का?