‘ड्यू’ म्हणजे थकबाकी नव्हे

पाटील ताई (बी-१०२): सोसायटीच्या बिलावर ‘अमाउंट ड्यू ३,०००’ छापलंय. आज तर ५ तारीख. आमचं काही थकलंय का?

महाजन सर (ए-४०१): नाही ताई. ड्यू म्हणजे देय, द्यायची ठरलेली रक्कम. मुदत १५ तारखेची आहे. तोवर पैसे आले नाहीत तर १६ पासून ती ओव्हरड्यू, आणि थकबाकी म्हणतात ती हीच. व्याजही तेव्हापासून, आपल्या वर्षाला १२ टक्क्यांनी ३,००० वर महिन्याला ३० रुपये. मागचं राहिलेलं ‘अरिअर्स’ या वेगळ्या ओळीत येतं. तिथे शून्य असेल तर निर्धास्त राहा.

चौधरी काका (बी-३०३): भुसावळला गाडीलाही ड्यू म्हणतात की. तिथे कुठे पैसे आले?

महाजन सर: मूळ एकच, काका. लॅटिनमधल्या ‘देणं लागणे’ या क्रियापदावरून आलाय हा शब्द. रक्कम देय, तशी गाडी त्या वेळेला यायला हवी. ‘ड्यू ॲट ५:१०’ म्हणजे वेळापत्रकात ५:१०. येईलच असं नाही.

भंगाळे वहिनी (ए-२०२): बाळंतपणाची ड्यू डेटही तशीच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. दोन आठवडे मागेपुढे झालं तरी लगेच घाबरायचं नसतं, डॉक्टरांना मात्र विचारायचं.

महाजन सर: ‘ड्यू फॉर’ची गंमत बघा. ‘द टँक इज ड्यू फॉर क्लीनिंग’ म्हणजे टाकी धुवायची वेळ झाली. केळीला पाण्याची पाळी आली म्हणतो ना, अगदी तसं.

सचिव: सर, उद्याची नोटीस बघता का? ‘ड्यू टू मोटर इज बर्न्ट, नो वॉटर टुमॉरो.’

महाजन सर: ‘ड्यू टू’च्या पुढे नाम हवं. ‘इज’ आलं की ते पूर्ण वाक्य झालं, तिथे ‘बिकॉज’ लागतं. एकतर ‘ड्यू टू अ बर्न्ट-आउट मोटर’, नाहीतर ‘बिकॉज द मोटर हॅज बर्न्ट आउट’. जुने मास्तर ‘ड्यू टू’ने वाक्य सुरू करू देत नसत, कारण ड्यू हे विशेषण, त्याला नामाचा आधार हवा. आता कोशांतही ते चालतं. आणि पैशाच्या बाबतीत ‘ड्यू टू द सोसायटी’ असेल तर अर्थ ‘मुळे’ नाही, ‘सोसायटीला देय’. माझं म्हणाल तर नोटीस मराठीतच लावा: ‘मोटर जळाल्यामुळे उद्या पाणी येणार नाही.’

सचिव: तीच लावतो. आणि पुढच्या बिलावर ‘अमाउंट ड्यू’च्या जागी ‘१५ तारखेपर्यंत भरायची रक्कम’ छापून घेतो.

पाटील ताई: हे बरं झालं. भरते आजच.