बास्केटबॉल: नवख्यांवर शिट्टी नेमकी कशासाठी वाजते?

शिकवणाऱ्यांनी, पंचगिरी करणाऱ्यांनी, टेबलावर स्कोअरशीट भरणाऱ्यांनी इथे लिहा. नवीन मुलांचा गोंधळ कुठे होतो, का होतो आणि कोर्टावर तो कसा सोडवायचा? नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) धरू. स्वतःच्या मॅचच्या आठवणी नकोत, कामाचं लिहा.

शिट्टीवाला
पायांपासून सुरू करतो. नवखा हातांकडे बघतो, पंच पायांकडे. उभ्या उभ्या बॉल घेतला तर जो पाय आधी उचलाल त्याच्या विरुद्ध पाय तुमचा पिव्हट. त्यावर गिरकी घ्या हवी तेवढी, पण तो जागचा सरकता कामा नये. इथून ड्रिबल (बॉल आपटत पुढे जाणं) सुरू करायचं तर पिव्हट उचलायच्या आत बॉल हातातून सुटलेला हवा. समोरच्याला चकवायच्या घाईत मुलं नेमकं उलट करतात, आधी ढांग टाकतात आणि मग बॉल आपटतात. झालं ट्रॅव्हलिंग, म्हणजे पायांची चूक! पास किंवा शूट करताना पिव्हट उचललेला चालतो, फक्त तो परत टेकायच्या आत बॉल सुटायला हवा.
सरावात पहिल्या टप्प्याचा आवाज येईपर्यंत पिव्हट चिकटवून ठेवायला सांगा. नियम इतका कडक नाही, पण सवय लागते.

लेअप_उजवीकडून
'दोन पावलं की तीन' हा वाद फिबाने 2017 मध्ये 'शून्य पाऊल' आणल्यानंतर वाढला. पळता पळता बॉल धरलात तर त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय म्हणजे शून्य. त्यापुढे एक, दोन. उजव्या हाताच्या लेअपला (पळत येऊन रिंगजवळून उडी मारत टाकलेल्या शॉटला) शून्य डावा, एक उजवा, दोन डावा आणि उडी. बॉल पूर्ण हातात यायच्या आधीची पावलं मोजायचीच नाहीत.

शिट्टीवाला
भर घालतो. हे शून्य पाऊल पळणाऱ्यालाच मिळतं, उभ्याला नाही. आणि पळत पास घेऊन ड्रिबल करणार असाल तर दुसरं पाऊल पडायच्या आत बॉल सुटला पाहिजे.

टेबलापाशी
घड्याळाचे आकडे: बाहेरून बॉल आत टाकायला 5 सेकंद, अर्धं कोर्ट ओलांडायला 8, शॉटला 24. आपला संघ पुढच्या कोर्टात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रिंगकडच्या अर्ध्यात, बॉल खेळवत असताना प्रतिस्पर्ध्याच्या रिंगखालच्या पट्ट्यात सलग 3 सेकंदांच्या वर थांबायचं नाही. उंच मुलं इथे हमखास अडकतात, कारण 'रिंगखाली थांब' एवढंच त्यांना सांगितलेलं असतं.
24 सेकंदांच्या बझरआधी बॉल हातातून सुटायला हवा आणि तो रिंगला लागायला किंवा बास्केटमध्ये जायला हवा. नुसता बोर्डला लागला तर घड्याळ नव्याने सुरू होत नाही. रिंगला लागून त्याच संघाकडे परत आला तर 14 मिळतात, पुन्हा 24 नाहीत.

झोनबाहेर
मध्यरेषेचं मी सांगतो. ड्रिबल करणाऱ्याचे दोन्ही पाय आणि बॉल असे तिन्ही पुढे गेले की मगच तो पुढच्या कोर्टात आला. एक पाय मागे असेल तर 8 सेकंद अजून चालूच. एकदा गेला की बॉल मागे न्यायचा नाही. बाकी कोर्टाची सीमारेषा ही बाहेरच धरतात. टाच रेषेला टेकली तरी आऊट.

बेंचवरून
फाऊलबद्दल. नुसता स्पर्श म्हणजे फाऊल नव्हे. बचाव करणाऱ्याने हात सरळ वर ठेवून जागच्या जागी उडी मारली आणि शूटर येऊन आदळला, तर बचाव करणाऱ्याचा दोष नाही. हात पुढे झुकला किंवा खाली मारला की दोष आला. बॉलवर असलेल्या हाताला लागलं तर सहसा फाऊल देत नाहीत. मनगटावर मारलं तर देतात.
शूट करताना फाऊल झाला आणि बास्केट पडली तर गुण धरून 1 फ्री थ्रो (रेषेवरून बिनविरोध शॉट). नाही पडली तर 2, आणि 6.75 मीटरच्या कमानीबाहेरून असेल तर 3. एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चारपैकी एका भागात) संघाचे 4 फाऊल झाले की पाचव्यापासून शूटिंगचा नसलेल्या फाऊललाही 2 फ्री थ्रो. मात्र बॉल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच केलेल्या फाऊलला फ्री थ्रो नाहीत. खेळाडूचे 5 झाले की तो बाहेर.

नेटविना_रिंग
मोबाइलवर एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बघून आलेल्यांसाठी: तिथे क्वार्टर 12 मिनिटांचा, इथे 10, तिथे सहाव्या फाऊलला बाहेर, इथे पाचव्या. रिंगला लागून वरच घुटमळणारा बॉल इथे कुणीही टोलवू शकतं, तिथे तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावायचा नाही. शॉटचा बॉल रिंगच्या वर असताना खाली येत असेल तर मात्र दोन्हीकडे बंदी.

शून्य_पाऊल
लहान मुलांना 7 नंबरचा बॉल देऊ नका. तो पुरुषांचा, मुलींना आणि महिलांना 6, बारा वर्षांखालच्यांना 5. मोठ्या बॉलने मुलं छातीपासून ढकलून शूट करतात आणि पुढे वर्षभर तो हात सरळ करत बसावं लागतं. रिंग 3.05 मीटरवर असते. खाली घेता येत असेल तर 2.60 वर घ्या.