उत्तर: दोन उरुळ्या, दोन कारभार

पुण्याजवळच्या उरुळी कांचन नि उरुळी देवाची या एकाच गावाचे दोन भाग आहेत, असं एकांनी लिहिलंय. तसं नाही हो. कांचन सोलापूर रस्त्यावर, देवाची सासवड रस्त्यावर. माझं पार्सल एकदा चुकीच्या उरुळीत दोन दिवस पडून होतं, म्हणून हे पक्कं लक्षात!

कांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार केंद्र सुरू केलं, पुढे मणिभाई देसाईंनी ते वाढवलं. देवाचीच्या वाट्याला मात्र पुण्याचा कचरा डेपो आला. तिचा कारभारही किती फिरला: आधी ग्रामपंचायत, २०१७ मध्ये पुणे महापालिका, मग मालमत्ताकरावरून बोंबाबोंब, आणि २०२४ मध्ये शेजारच्या फुरसुंगीसह स्वतंत्र नगरपरिषद. तेव्हा मालमत्ताकराची पावती शोधताना कुठली उरुळी ते आधी बघा.